दिवाणी दावा आणि फौजदारी फिर्याद : फरक समजून घेताना

(संस्थेच्या अभ्यासवर्गात सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी वकील नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली २२ वर्षे बँकेत लिपिक म्हणून काम करतो. कार्यवाहांनी हा विषय मला दिला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "दादा, हा विषय एखाद्या वकीलसाहेबांना द्या." त्यावर ते म्हणाले, "वकीलसाहेब कलमे सांगतील. लोक तुमच्या काउंटरवर कोणते कागद घेऊन येतात आणि कुठे फसतात ते तुम्ही सांगा." म्हणून उभा राहिलो आहे. माझ्या बोलण्यात काही चूक आढळली तर येथे बसलेल्या जाणकारांनी ती जरूर दुरुस्त करावी.

आपल्याकडे कायदा म्हटला की डोळ्यांसमोर पोलीस उभा राहतो. "तुझ्यावर केस करतो", "तुला कोर्टात खेचतो", "तुला आत टाकतो" ही तीनही वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो. उसने पैसे बुडाले की पोलीस ठाणे, भावाने वाटणी दिली नाही की पोलीस ठाणे, भाडेकरू खोली सोडत नाही की पोलीस ठाणे. तेथील हवालदार कधी दम देतो, कधी समजूत घालतो, कधी उद्या या म्हणतो. या येरझाऱ्यांत वर्षे जातात आणि माणसाला वाटते की आपली केस चालू आहे. प्रत्यक्षात केस कुठेच चालू नसते.

या गोंधळाला आणखी एक कारण आहे. तालुक्याच्या कोर्टात जाऊन दारावरची पाटी वाचा. बहुतेक ठिकाणी 'दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर तथा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी' असे लिहिलेले दिसेल. म्हणजे न्यायाधीश तेच, खुर्ची तीच, पट्टेवाल्याची हाकही तीच. पण त्या खुर्चीपुढे दोन वेगवेगळ्या प्रकारची कामे चालतात आणि त्या दोन कामांचे नियम निराळे आहेत. बाहेर बाकावर बसलेल्या आपल्या माणसाला हा बदल दिसत नाही.

दिवाणी कामात दोन पक्षांमधील हक्काचा प्रश्न असतो. पैसा, जमीन, घर, वाटणी, वारसा, करार, भाडे, घटस्फोट, मुलांचा ताबा ही सारी दिवाणी कामे. जो दाद मागतो तो वादी आणि ज्याच्याविरुद्ध मागतो तो प्रतिवादी. वादीने दावा दाखल करायचा, कोर्ट फी भरायची, आपला वकील आपण नेमायचा आणि पुरावाही आपणच आणायचा. कोणी तपासाला येत नाही. प्रतिवादी आपले म्हणणे म्हणजे कैफियत देतो. शेवटी कोर्ट हुकूमनामा करते की अमुक रक्कम द्या, ताबा द्या, किंवा अमुक गोष्ट करू नका. हरलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणत नाहीत.

फौजदारी कामात मात्र एखादे कृत्य कायद्याने गुन्हा ठरविलेले असते. मारहाण, चोरी, फसवणूक, बलात्कार, खून. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने फिर्याद द्यायची, पण पोलिसांच्या खटल्यावर नाव असते 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असे. कारण गुन्हा हा सगळ्या समाजाविरुद्ध झाला असे कायदा मानतो. खटला सरकारी वकील चालवतो आणि फिर्यादी स्वतः एक साक्षीदार असतो. त्यामुळेच गंभीर गुन्ह्यात फिर्यादीने "मला केस मागे घ्यायची आहे" म्हटले म्हणून खटला थांबत नाही. शेवटी शिक्षा असते, तुरुंगाची किंवा दंडाची. आणि हा दंड सहसा सरकारजमा होतो. कोर्टाने त्यातून भरपाई देण्याचा आदेश केला तर गोष्ट वेगळी, पण फिर्याद दिली म्हणजे आपले पैसे आपोआप परत मिळतात हा समज खरा नाही.

पुराव्याचे मापही वेगळे आहे. माणसाला तुरुंगात पाठवायचे तर गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत दोन्ही बाजूंचा पुरावा तोलून कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते ते पाहतात. म्हणून एखादा माणूस फौजदारीत निर्दोष सुटतो आणि त्याच व्यवहाराच्या दाव्यात हरतोही. लोक याला कोर्टाचा उलटसुलट कारभार म्हणतात. तसे नाही, तराजू दोन आहेत.

विद्यार्थी मित्रहो, हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर महाडला चला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले आणि सर्वांनी पाणी घेतले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यानंतर त्याच दिवशी आपल्या लोकांवर हल्ले झाले, माणसे जखमी झाली. हा झाला गुन्हा. त्याचा फौजदारी खटला चालला आणि काही हल्लेखोरांना त्याच वर्षी सक्तमजुरीची शिक्षा झाली. काही महिन्यांत निकाल लागला. पण त्या निकालाने तळ्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा हे ठरले का? नाही. तो त्या खटल्यापुढचा प्रश्नच नव्हता. फौजदारी कोर्टाने एवढेच पाहिले की डोकी कोणी फोडली.

हक्काचा प्रश्न वेगळ्या दाराने आला, आणि तो आपण नव्हे, समोरच्यांनी नेला. डिसेंबरच्या परिषदेत पुन्हा पाणी घेण्याचे ठरले होते. त्याआधीच १२ डिसेंबर १९२७ रोजी काही स्पृश्य मंडळींनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांनी तेथे पाणी न घेण्याची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रतिवादी होते बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. परिषदेला हजारो लोक जमले होते, पाणी घ्यायचेच म्हणून लोक उतावीळ होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबविले आणि मनाई हुकूम मोडू दिला नाही. पुष्कळांना तेव्हा ते रुचले नसेल. मला मात्र त्यात बॅरिस्टर दिसतो. ज्या कोर्टाकडून हक्क शाबूत करून घ्यायचा आहे त्याचाच हुकूम मोडून आत जाणे त्यांना परवडणारे नव्हते.

पुढे तो दावा दहा वर्षे चालला. १९३१ साली महाडच्या कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. समोरच्यांनी ठाण्याला अपील केले, ते १९३३ साली फेटाळले गेले. मग मुंबई उच्च न्यायालय. तेथे १७ मार्च १९३७ रोजी अखेरचा निकाल लागला. तळे नगरपालिकेचे होते. आणि जी रूढी अनादी काळापासून चालत आली असे वादी सांगत होते ती त्यांना सिद्ध करता आली नाही. 'सिद्ध करता आली नाही' हे शब्द लक्षात ठेवा. दावा ज्याने लावला, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. एकाही माणसाला या निकालाने तुरुंगात पाठविले नाही, पण पाण्याचा प्रश्न या निकालाने मिटला. खटला महिन्यांत संपला, दावा दहा वर्षांनी. एकाच तळ्याची ही दोन प्रकरणे मनात ठेवली तर दिवाणी आणि फौजदारी यांतला फरक पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. १९२७ मध्ये पाणी नाकारणे हा प्रश्न दिवाणी कोर्टात रूढीच्या नावाखाली लढवावा लागला. पुढे संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यावर कोणाला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडविणे हा गुन्हा ठरला. त्या कायद्यालाच १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. म्हणजे दिवाणी कुठे संपते आणि फौजदारी कुठे सुरू होते ही रेषा काही निसर्गाने आखलेली नाही. ती कायदेमंडळ आखते आणि ती सरकते.

माझ्या टेबलावरचे उदाहरण देतो. चेक न वटणे ही एके काळी केवळ वसुलीची बाब होती. १ एप्रिल १९८९ पासून परक्राम्य संलेख कायद्याचे १३८ कलम लागू झाले आणि देणे फेडण्यासाठी दिलेला चेक खात्यात पैसे नसल्याने परत गेला तर तो गुन्हा झाला. २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण येथेही आपली माणसे चुकतात. चेक परतीचा मेमो घेतात आणि सरळ पोलीस ठाण्यात जातात. अहो, ही फिर्याद पोलिसांकडे नाही, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची असते. तीही पायरीपायरीने. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून समोरच्याला पैसे देण्यास १५ दिवस, आणि ते संपल्यावर १ महिन्यात फिर्याद. बँकेचा मेमो खिशात ठेवून माणूस लग्नसराई उरकतो आणि मग माझ्याकडे येऊन विचारतो, "साहेब, आता काय करू?" नोटिशीची मुदत गेलेली असते. चेकच्या मुदतीत तो पुन्हा भरता येत असेल तर बरे, नाहीतर उरतो तो दिवाणी दावाच.

उलट्या बाजूची भीतीही मी पाहिली आहे. एक विधवा भगिनी आमच्या शाखेत आल्या. मुदत ठेव मोडायची म्हणाल्या. ती ठेव मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवली होती, हे मला माहीत होते. कारण विचारले तर रडू लागल्या. दिराने एका पतसंस्थेकडून टेम्पोसाठी कर्ज घेतले होते, बाई जामीनदार. दीर हप्ते भरत नव्हता आणि वसुलीला येणारा माणूस चाळीत सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सोमवारी पोलीस घेऊन येतो, तुम्हाला बेड्या घालतो." मी म्हटले, "ताई, आधी पाणी प्या." मग त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कर्ज थकणे हा गुन्हा नव्हे, त्यासाठी पोलीस कोणाला अटक करीत नाहीत. खोटे कागद देऊन कर्ज उचलले असेल तर गोष्ट वेगळी. दुसरी गोष्ट त्यांना आवडली नाही, पण सांगणे भाग होते. जामीनदाराची सही म्हणजे शोभेची सही नव्हे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची असते. संस्था वसुलीचा दाखला मिळवून जप्ती आणू शकते. भरलेले पैसे दिराकडून मागण्याचा हक्क बाईंना आहे, तोही दिवाणीच. ठेव त्यांनी त्या दिवशी मोडली नाही. दिराला समोर बसवून संस्थेकडून हप्ते बांधून घेतले.

जप्तीचीही लोकांना अवास्तव भीती असते. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश पैशाच्या हुकूमनाम्यात सोडावे लागतात. ऐपत असून जो टाळतो त्याला दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे, पण पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. बेड्यांची धमकी देणाऱ्याला हे बहुधा माहीत असते. ते आपल्याला माहीत नसते, म्हणून त्याची धमकी चालते.

आता जे सांगण्यासाठी मी खरे तर हा विषय स्वीकारला ते सांगतो.

माझे थोरले काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. जून २०१२ मध्ये त्यांनी आपल्या निवृत्तीच्या पैशांतून १,८०,००० रुपये एका ओळखीच्या माणसाला दुकानासाठी हातउसने दिले. काका व्यवहारी होते. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एका वर्षात म्हणजे जून २०१३ पर्यंत परत करण्याची अट घातली. वर्ष झाले, पैसे आले नाहीत. काका पोलीस ठाण्यात गेले. फसवणूक झाली म्हणून अर्ज दिला. मग वरच्या कार्यालयात अर्ज, मग स्मरणपत्र. प्रत्येक अर्जाची पोच त्यांनी फाइलला लावली. मला अभिमानाने दाखवीत, "बघ, सगळे कागद पक्के आहेत." २०१४ च्या दिवाळीत त्या माणसाने ५,००० रुपये रोख आणून दिले, हात जोडले आणि उरलेले लवकरच देतो म्हणाला. काकांनी चहा पाजून त्याला पाठविले.

२०१६ च्या पावसाळ्यानंतर एका अधिकाऱ्याने त्यांना स्पष्ट सांगितले की हे दिवाणी प्रकरण आहे, दावा लावा. त्यात त्या अधिकाऱ्याचे चूक नव्हते. पैसे घेताना मुळातच बुडविण्याचा हेतू असेल तर ती फसवणूक. तेव्हा ते चारशेवीस कलम होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झाले आहे, पण 'चारशेवीस' हा शब्द काही आपल्या तोंडातून जायचा नाही. घेताना हेतू साफ होता, पुढे देणे जमले नाही किंवा दिले नाही, तर तो कराराचा भंग. मी काकांना घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी स्टॅम्पपेपर वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "परतीची तारीख कोणती?" जून २०१३. मुदत कायद्याप्रमाणे अशा पैशासाठी ३ वर्षे. जून २०१६ ला ती संपली होती. आम्ही चार महिने उशिरा पोहोचलो होतो. पोलिसांकडे दिलेल्या अर्जाने हे घड्याळ थांबत नाही. फाइलमधल्या एकाही पोचपावतीचा उपयोग नव्हता.

वकीलसाहेबांनी मग विचारले, "मधे काही रक्कम आली होती का?" काका म्हणाले, "हो, पाच हजार." "लिहून घेतले?" काका माझ्याकडे पाहू लागले.

मित्रहो, मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने अंशतः रक्कम भरल्याचे आपल्या हाताने लिहून दिले, किंवा देणे मान्य असल्याचे सही करून दिले, तर त्या दिवसापासून नवीन ३ वर्षे मोजतात. २०१४ च्या दिवाळीत एका वहीच्या पानावर त्या माणसाकडून दोन ओळी लिहून सही घेतली असती तर काकांना २०१७ च्या दिवाळीपर्यंत वेळ होता. आणि मी काय करीत होतो? त्याच २०१४ साली मी कर्ज विभागात होतो. कर्जदारांना बोलावून कर्जकबुलीच्या पत्रांवर सह्या घेणे, म्हणजे आमच्या भाषेत रिव्हायव्हल लेटर, हेच माझे रोजचे काम होते. मुदत संपत आलेल्या खात्यांची यादी मी स्वतः करीत असे. बँकेचा एक रुपया मुदतबाह्य होऊ नये म्हणून मी धावत होतो आणि काकांच्या फाइलवरची तारीख मी एकदाही वाचली नाही. पोलिसांत अर्ज दिला आहे म्हणजे काम चालू आहे, असे पदवीधर असून मलाही वाटत होते.

काका मला कधी काही बोलले नाहीत.

याचा अर्थ पोलिसांनी "हे दिवाणी आहे" म्हटले की मुकाट्याने घरी यावे, असा मात्र कोणी घेऊ नये. हे वाक्य पुष्कळदा हात झटकण्यासाठीही वापरले जाते. शेताच्या बांधावरून मारहाण झाली तर बांधाचा हक्क दिवाणी, पण मारहाण हा गुन्हाच. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणे, त्याला तिच्यातून हुसकावणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मालकीचा दावा कोर्टात चालू असला तरी ही फिर्याद देता येते. बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत १९९० च्या दुरुस्तीने स्थान मिळाले आहे, तेव्हा जातीचा दाखला घरात शोधून ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्यात नोंदवून घेतलीच पाहिजे आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. नोंद केली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तेथेही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी असू शकतात. महाडला तेच झाले होते.

पोटगीबद्दल भगिनी नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. पोटगीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, किंवा कुटुंब न्यायालय असेल तेथे, करता येतो. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखालचा अर्जही न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच जातो. पण त्यात मागणे असते ते राहण्याची सोय, खर्च, संरक्षण यांचे. नवऱ्याला तुरुंगात पाठविण्यासाठी तो अर्ज नसतो. हुकूम मोडला तर पुढची गोष्ट. पुष्कळ बायका "त्यांना आत टाकतील" या धास्तीने अर्जच करीत नाहीत.

खर्चाचे कारणही पुढे केले जाते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, कोर्ट फीसुद्धा. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. फोनवर विचारायचे तर १५१०० हा क्रमांक आहे. दिवाणी कामात तडजोडीला वाव असेल तर लोकअदालतीत जावे. तेथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र तडजोडीवर सही करण्यापूर्वी ती दोनदा वाचा, अपील नाही याची दुसरी बाजू तीच आहे.

माझा वेळ संपत आला आहे. अध्यक्ष महोदयांनी चिठ्ठी पाठविली आहे. चहानंतर मी याच हॉलमध्ये मागच्या बाकावर थांबणार आहे. ज्यांच्याकडे उसनवारीचा कागद, वचनचिठ्ठी किंवा परत आलेला चेक असेल त्यांनी तो घेऊन यावे. कायद्याचा सल्ला वकीलच देतील. मी फक्त कागदावरची तारीख वाचून किती दिवस उरले आहेत ते मोजून देईन.